सोळाशे किलोमीटर, पावणेतीन तास

"नाव काय तुमचं?" विमानतळाच्या गेटवरच्या जवानाने विचारलं.

"शालन जनार्दन म्हात्रे."

"तिकिटावर द्वारका गावंड आहे."

"तीपण मीच."

त्याने आधी तिकीट पाहिलं, मग माझं मतदार ओळखपत्र पाहिलं, मग मला पाहिलं. ओळखपत्रावरचा फोटो असा होता की त्यात मी शालनही वाटत नव्हते आणि द्वारकाही. जवान बोलण्यावरून लातूरकडचा वाटला. आवाज न चढवता म्हणाला, "ताई, एका तिकिटावर दोन माणसं जात नसतात."

सव्वानऊ वाजले होते. विमान अकरा वीसचं. आत सामान द्यायची खिडकी दहा वीसला बंद होणार, हे माझ्या नवऱ्याने पेणहून निघाल्यापासून सात वेळा सांगितलं होतं. तो एसटीत कंडक्टर. वेळापत्रक हा त्याचा धर्म. कठड्यापलीकडे तो उभा होता, शेजारी माझ्या सासूबाई, हातात माझ्या शेंगदाण्याच्या लाडवांची पिशवी. दोघांनाही अजून वाटत होतं की जवान माझी प्रेमाने चौकशी करतोय.

आणि तिकडे काठमांडूच्या एका इस्पितळात मनमाया नावाची बाई माझी वाट पाहत होती. तिला माझं एकच नाव माहीत होतं, आणि ते नेमकं ओळखपत्रावर नव्हतं.

ही गोष्ट दोन हजार बाराची. मी चाळिशीची होते. पेणच्या बाजारात माझं शिवणयंत्रं दुरुस्त करायचं लहानसं दुकान होतं, अजूनही आहे. हे काम मला कुणी शिकवलं नाही. एक जुनं यंत्र उघडलं, पुन्हा जोडलं, दोन स्क्रू उरले, यंत्र तरीही चाललं. तिथून धीर आला. त्या मंगळवारी संध्याकाळी मी एका यंत्राची शटल पुसत होते तेव्हा खानविलकरांचा फोन आला.

"द्वारकाबाई, कशा आहात?"

मला द्वारकाबाई म्हणणारा जगात हा एकच माणूस उरला होता. खानविलकर मुंबईचे, निवृत्त शिक्षक. आमच्यासारख्यांची यादी सांभाळायचे. आमच्यासारखे म्हणजे बॉम्बे रक्तगटाचे. साध्या तपासणीत हे रक्त 'ओ' दिसतं, पण आम्हाला 'ओ' चढवलं तर माणूस हातचा जातो. आम्हाला आमचंच चालतं, आणि आम्ही असतो मोजके. एकोणीस वर्षांची असताना वडिलांच्या ऑपरेशनला रक्त द्यायला गेले आणि माझं हे निघालं. वडिलांना ते चाललं नाही, मी मात्र यादीत गेले.

"काठमांडूला एक केस आहे," खानविलकर म्हणाले. "बाळंतपण. वार खाली सरकलेली आहे. शुक्रवारच्या आत पोट उघडावं लागणार. एक पिशवी पोखऱ्याहून मिळाली, दुसरी नाही."

"मी उद्या मुंबईला येऊन देते."

"तिथेच अडलंय. पेटीत बर्फ घालून रक्त एक दिवस सहज टिकतं. पण पिशवी देशाबाहेर न्यायची तर परवानगीला चार-पाच दिवस. आपल्याकडे तीनच आहेत."

"विमानाला किती वेळ लागतो?"

"सोळाशे किलोमीटर. पावणेतीन तास."

"आणि माणसाला परवानगी लागते?"

"नेपाळला? नाही. मतदार ओळखपत्र पुरतं."

"मग पिशवीत कशाला भरता? आहे त्याच पिशवीत राहू दे. मी घेऊन जाते."

तिकडे खानविलकरांनी यादीची पानं चाळल्याचा आवाज आला. मास्तर होते, उत्तर बरोबर असलं तरी लगेच शाबासकी द्यायची नाही, ही सवय. मग म्हणाले, "दुसरं कुणी मोकळं नाही, हेही खरं. एकाला कावीळ झालीय, एकाने मागच्या महिन्यातच दिलंय. ओळखपत्र आहे ना तुमच्याकडे?"

"आहे."

त्यावर नाव कुठलं, हे त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. द्वारका म्हणून हाक मारली की मी द्वारका होऊनच बोलायचे.

घरी सांगितलं तेव्हा नवरा भाकरीचा तुकडा हातात धरून थांबला. "विमानाने? तू? अगं, तू पनवेलला उतरायचं तर कळंबोलीला उतरतेस."

"विमान मधे थांबत नाही."

"सोळाशे किलोमीटर म्हणजे आपल्या पेण-बोरिवलीच्या अठरा फेऱ्या." त्याचं सगळं अंतर त्याच रस्त्यावर मोजलं जायचं. "जायलाच हवं का पण? ओळख ना पाळख."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या वालाच्या शेंगा सोलत होत्या. मान वर केली नाही. "किती दिवस आहेत तिच्याकडं?" एवढंच विचारलं.

"तीन."

"हं," म्हणाल्या, आणि पुढची शेंग घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पिशवी घेऊन बाजारात गेल्या आणि येताना बकऱ्याची कलेजी घेऊन आल्या. मार्गशीर्ष चालू होता. घरात मटण तर सोडाच, अंडंसुद्धा येत नसे, दुसऱ्या दिवशी गुरुवारची पूजा मांडायची होती. नवरा ओट्याशी गेला, पातेल्यात डोकावला आणि दोन पावलं मागे सरला.

"आई, मार्गशीर्ष आहे."

"माहीत आहे."

"उद्या देवी बसायचीय या घरात."

"तिला मी सांगेन. तीपण बाईच आहे." आणि मला म्हणाल्या, "सगळी खायची. रस्सा ठेवायचा नाय."

दोन दिवसांत कलेजी खाऊन रक्त वाढत नाही, हे मला आज माहीत आहे. त्या दिवशीही साधारण माहीत होतं. पण मी वाटी चाटून पुसून ठेवली.

तिकिटाचा कागद आला तेव्हा नवऱ्याने तो उजेडात धरून वाचला. "अकरा वीसला निघणार, दोन वीसला पोचणार. तीन तास झाले. खानविलकर पावणेतीन म्हणतात. मधला पाव तास कुठं गेला?"

"तिकडचं घड्याळ पाव तास पुढं असतं."

"पाव तासच?" त्याला हे पटेना. "अर्धा तास समजू शकतो. पाव तासासाठी काय वेगळं घड्याळ लावायचं?"

त्या पाव तासावर त्याने इतका वेळ घालवला की त्याच कागदावर वरच्या बाजूला छापलेलं नाव त्याने वाचलं नाही. मी वाचलं होतं. मला ते चुकीचं वाटलंच नाही.

तर गुरुवारी सकाळी आम्ही गेटवर होतो.

"काय झालं?" नवऱ्याने कठड्यावरून विचारलं.

"नाव जुळत नाय म्हणतात."

त्याने हात लांब करून कागद घेतला, वाचला, आणि कपाळाला हात लावला. "द्वारका गावंड. हे कुणी सांगितलं त्यांना?"

"त्यांच्या यादीत तेच आहे."

"वीस वर्षं झाली लग्नाला."

"यादीचं लग्न नाय झालं."

सासूबाई पुढे आल्या. पाच फूट उंचीची बाई, पण कठड्याला धरून अशा उभ्या राहिल्या की जवान नकळत सरळ झाला. "साहेब, नाव मी बदललं तिचं. माझं नाव द्वारका. एका घरात दोन द्वारका कशा चालतील? सुनेला हाक मारायची तर स्वतःलाच मारल्यासारखी. म्हणून लग्नात तांदळात शालन लिहिलं."

"आजी, माझ्या बायकोचं पण बदललंय," जवान म्हणाला.

"मग सोड की."

"तिला विमानात बसवायचं नाही मला."

सासूबाईंनी कनवटीची पिशवी उघडली आणि स्वतःचं ओळखपत्र काढलं. "हे घे. यावर द्वारका म्हात्रे आहे. अर्धं तरी जुळतंय."

"आजी, यावर फोटो तुमचा आहे."

"त्या फोटोत कुणीपण दिसेल."

जवान हसला, पण बाजूला झाला नाही. मागे रांग वाढत होती. मी त्याला म्हटलं, "भाऊ, तुम्ही मला सोडू नका. नियम आहे, मला कळतंय. फक्त एवढं सांगा, हे कुठं बदलून मिळेल? तिकडे एका बाईला आज रक्त द्यायचंय. ते माझ्याकडे आहे. दुसरीकडे नाही."

त्याने माझ्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग रांग दुसऱ्या जवानाकडे वळवली आणि स्वतः चार पावलं पुढे येऊन बोट दाखवलं. "ती काचेची खिडकी. कंपनीची आहे. तिकडं नवीन तिकीट काढून आणा, मी इथंच आहे."

खिडकीतल्या मुलीने कागद पाहिला आणि मान हलवली. नाव बदलता येत नाही, अक्षर चुकलं असतं तर दुरुस्त केलं असतं. हे तिकीट रद्द होईल, नवीन काढावं लागेल.

"जागा आहे?" मी विचारलं.

तिने बराच वेळ कळा दाबल्या. "दोन आहेत."

खानविलकरांचा फोन लागेना. नऊ पन्नास झाले होते. मी नवऱ्याकडे वळले. मंगळवारी जायलाच हवं का म्हणणारा हा माणूस. मला वाटलं, आता म्हणेल, नशिबात नव्हतं, चल घरी. त्याने खिशातून पाकीट काढलं, त्यातून बँकेचं कार्ड काढलं आणि काचेखालून सरकवलं.

"शालन जनार्दन म्हात्रे," तो मुलीला म्हणाला. "नीट लिहा. शहामृगातला श."

छापील कागद हातात आला तेव्हा दहा वाजून सात मिनिटं झाली होती. आम्ही तिघं धावलो. सासूबाईंना धावता येत नव्हतं, तरी त्या मागून येत होत्या. जवानाने या खेपेला कागदाकडे नुसतं पाहिल्यासारखं केलं आणि बाजूला झाला. सासूबाईंनी कठड्यातून हात घालून माझं मनगट धरलं. मला वाटलं लाडवांबद्दल काही सांगतील.

"पोच," म्हणाल्या, आणि हात सोडला.

विमानाबद्दल काय सांगू. वर जाताना कान बंद झाले, मग उघडले. खिडकीतून शेतं शिवणाच्या तुकड्यांसारखी दिसली. दोन तास सगळं ठीक होतं. मग डोंगर आले, पांढरे, इतके जवळ की मला ते विमानाच्या खालीच असायला हवे होते असं वाटलं, पण ते शेजारी होते. आणि विमान वळलं. पुन्हा वळलं. कप्तानाने सांगितलं की खाली दरीत धुकं आहे, आपण वर फेऱ्या मारतो आहोत.

सोळाशे किलोमीटर आलो होतो आणि शेवटचे दहा होत नव्हते. फेऱ्या मी मोजल्या. सहावी झाली तेव्हा शेजारचे गृहस्थ जपमाळ काढून बसले. मी हवाईसुंदरीला बोलावून विचारलं, "उतरलं नाही तर?"

"परत जाऊ, किंवा दुसऱ्या शहरात."

"दुसरं शहर किती लांब?"

तिने माझ्या हातावर हात ठेवला. भीती वाटते का म्हणाली. भीती नव्हती. मला फक्त उत्तर हवं होतं, कारण दुसऱ्या शहरातून गाडीने किती तास लागतील हे मोजायला मी सुरुवात केली होती.

आठव्या फेरीला उतरलो. तिकडच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं.

बाहेर मनमायाचा नवरा उभा होता. भीमसेन तामांग. कपाळावर टोपी ओढलेला, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, लहान गाडी चालवणारा. हातातल्या पुठ्ठ्यावर DWARKA लिहिलेलं. इंग्रजी मोठी अक्षरं मी दुकानांच्या पाट्यांवरून शिकलेली आहे. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मीच." त्याने कागद वगैरे काही मागितलं नाही.

तो हिंदीत बोलत होता, मीही माझ्या परीने. इथे मराठीतच सांगते.

"दिदी, सकाळपासून रक्त जातंय. डॉक्टर म्हणतात आता थांबता येणार नाही."

"मग हळू का चालवतोस?"

त्यानंतर त्याने जी गाडी चालवली त्याबद्दल मी माझ्या नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

इस्पितळात डॉक्टर प्रधान म्हणून बाई होत्या, केस पांढरे, चालणं भरभर. त्यांच्या कागदावर द्वारका होतं, माझ्या ओळखपत्रावर शालन. मी तांदळापासून सुरुवात केली. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "बोट द्या. रक्ताला विचारू."

बोट टोचलं. हिमोग्लोबिन साडेबारा लागतं. बारा पॉइंट सहा आलं. गट तपासला, जुळवणी केली, सगळ्या चाचण्या. मग आडवी झाले आणि मूठ उघडत-मिटत राहिले. पिशवी भरली तशी नर्स ती घेऊन गेली, धावत नाही, पण जवळजवळ. सहाला मनमायाला आत घेतलं. मी तिला पाहिलंसुद्धा नव्हतं. स्ट्रेचर गेला तेव्हा एक वेणी तेवढी दिसली.

बाहेर बाकावर मी आणि भीमसेन. तो मला जबरदस्तीने फळांचा रस पाजत होता आणि स्वतः काही घेत नव्हता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "दिदी, एक विचारू? आम्ही तुमचे कोण? एवढ्या लांब का आलात?"

मी म्हणू शकले असते की माणुसकी. पण तिथे, त्या बाकावर, ते खोटं वाटलं असतं. मी त्याला जे सांगितलं ते तोवर घराबाहेर कुणालाच सांगितलं नव्हतं.

माझं लग्न त्र्याण्णवच्या मे महिन्यात झालं. महिनाभराने आमच्या घरी एक पोस्टकार्ड आलं, 'द्वारका' या नावाने, मुंबईच्या रक्तपेढीचं. माझा नवा पत्ता माहेरच्यांनी कळवला होता, नाव नाही. पोस्टमनने दारात विचारलं, द्वारका कोण? सासूबाई म्हणाल्या, मी. घेतलं. त्यांना वाचता येत नाही. नवरा तेव्हा महाड डेपोला होता. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा त्याने वाचून दाखवलं की ठाण्याला एका बाईला रक्त पाहिजे, ताबडतोब या. दोघं हसले. पन्नाशीच्या बाईचं रक्त कुणाला हवंय, चुकून आलं असेल. त्याला बायकोचं जुनं नाव आठवलं नाही. आठवणार कसं, बोलणी चालली तेव्हा मी 'गावंडांची मुलगी' होते आणि लग्नात शालन झाले. मधल्या द्वारकेला तो कधी भेटलाच नाही. आणि सासूबाईंच्या लेखी महिनाभरात घरात द्वारका एकच उरली होती. सासूबाईंनी कार्ड कॅलेंडरच्या मागे खोचलं. मी त्याच घरात होते. माजघरात, दहा पावलांवर.

जुलैचं पान उलटताना ते माझ्या हातात पडलं. दुसऱ्या दिवशी मी ठाण्याला गेले. इस्पितळाच्या खिडकीतल्या बाईने रजिस्टर पाहिलं, आणि मग रजिस्टर मिटूनच माझ्याशी बोलली. रक्त मिळालं नव्हतं, कार्डातली बाई गेली होती.

"पेणहून ठाणं एसटीने अडीच तास," मी भीमसेनला म्हटलं.

घरी येऊन मी ओरडले नाही. कार्ड सासूबाईंच्या समोर ठेवलं आणि काय झालं ते सांगितलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यानंतर कधीच नाही. मी रक्तपेढीत पत्ता बदलून माझ्या दुकानाचा दिला. नाव मात्र बदलायला लावलं नाही. आणि पुढे जेव्हा जेव्हा खानविलकरांचा फोन आला, दर वेळी आदल्या संध्याकाळी माझ्या ताटात बीट, खजूर, गूळ, काही ना काही वाढलेलं असायचं. न बोलता.

भीमसेन ऐकत होता. सगळं समजलं की नाही, माहीत नाही. त्याने खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. "घरी पोचल्याचं कळवलंत का?"

नव्हतं कळवलं. माझा फोन तिथे चालत नव्हता. त्याच्या मोबाइलवरून घरी लावला. पहिल्याच रिंगला उचलला, तोही सासूबाईंनी. त्या फोनला कधी हात लावत नसत.

"पोचले," मी म्हटलं.

"दिलंस?"

"दिलं. आत नेलंय तिला."

"मग?"

"अजून काही कळलं नाय."

"ठेवू नको फोन," म्हणाल्या.

मी ठेवला नाही. तिकडून देवीच्या आरतीचा आवाज येत होता, शेजारच्या घरातला. आमच्याकडे पूजा मांडलेली असणार पण म्हणणारं कुणी नसणार. नवरा मागून विचारत होता, काय म्हणते, आणि सासूबाई त्याला गप्प करत होत्या. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग दार ढकलून डॉक्टर प्रधान बाहेर आल्या. त्यांनी आधी टोपी काढली. भीमसेन उठला.

"मुलगी आहे," त्या म्हणाल्या. "आई ठीक आहे. दोन्ही पिशव्या लागल्या."

मी फोन कानाला लावला. "मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

तिकडची आरती थांबली होती. मला वाटलं लाइन गेली.

"आई?"

"आहे," म्हणाल्या. "शालन, त्या कार्डातल्या बाईचं नाव काय होतं?"

एकोणीस वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं.

"रोहिणी. रोहिणी तावडे."

"रोहिणी," त्यांनी माझ्यामागून म्हटलं. "वय?"

"चोवीस."

"म्हणजे तुझ्याहून तीन वर्षांनी मोठी."

"हो."

त्यांनी फोन ठेवला नाही, मीही नाही. फोन भीमसेनचा होता, पण त्याने तो परत मागितला नाही.